डबा बदलणारा खेळ

दूध संघाच्या संगणक विभागात जन्म काढलेल्या बाईनं पगार घेऊन खेळ बनवले, हे आमच्या नातेवाइकांना अजून पटत नाही. "म्हणजे तुम्ही ऑफिसात खेळत होता?" असं धाकट्या जाऊबाईंनी एका लग्नात, भर पंगतीत विचारलं होतं. मी नुसतं "हो" म्हणाले, कारण पानातली जिलेबी गार होत होती आणि खरं उत्तर लांबलचक होतं. ते उत्तर आता सवडीनं देते आहे. माझी नेमणूक कधी झाली, बढती कशी अडली आणि निरोप समारंभात कोण काय बोललं यात कुणाला रस नसतो. मलाही नाही.

आमचा संघ श्रीरामपूरचा. दूध गोळा करणारी केंद्रं मात्र कोल्हारच्या नदीकाठापासून पार पाथर्डीच्या डोंगरापर्यंत. प्रत्येक केंद्रावर एक सचिव असतो. गावातली माणसं डबे घेऊन त्याच्यापुढं रांग लावतात. तो डब्यातला नमुना काढून यंत्रात घालतो आणि यंत्र दोन आकडे सांगतं. एक फॅट, म्हणजे दुधातली साय-लोण्याची बाजू. दुसरा एसएनएफ, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे काही उरतं ते. गाईच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ असले की दूध चांगलं. त्याखाली घसरले की पाण्याचा संशय. मग सचिव डबा परत करतो आणि गावात भांडण सुरू होतं. हे सगळे आकडे रोज दोन वेळा माझ्याकडे यायचे आणि मी त्यांचे तक्ते करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. साहेब त्यांच्यावर चहाचा कप ठेवायचे.

कपाखालून तक्ते बाहेर काढावेत म्हणून मी चौपन्नाव्या वर्षी पायथन ही संगणकाची भाषा शिकले. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून, एका बाजूला वही उघडून, शाळेतल्या पोरीसारखी. त्यातच मला एक फुकट मिळणारं साधन सापडलं. ते बनवलंय आकडेवारीच्या लोकांसाठी. वरून खाली साध्या ओळी लिहीत जायच्या: इथं तक्ता दाखव, इथं आलेख काढ, इथं बटण ठेव. की झालं वेबपान तयार. साहेबांनी मोबाईलवर पाथर्डीचा आलेख बोटानं सरकवून पाहिला आणि "हे चांगलंय" म्हणाले. अख्ख्या नोकरीत त्यांनी माझ्या कामाबद्दल काढलेला हा सगळ्यात मोठा उद्गार.

आता या साधनाचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं. तुम्ही पानावरचं कुठलंही बटण दाबा, हा गडी पहिल्या ओळीपासून सगळा कार्यक्रम पुन्हा वाचायला लागतो. मधूनच सुरू करणं त्याला माहीत नाही. आधी काय झालं होतं तेही तो विसरतो. एखादी गोष्ट त्यानं लक्षात ठेवावी असं वाटत असेल, तर ती एका वेगळ्या कप्प्यात ठेवायला त्याला स्पष्ट सांगावं लागतं. आलेख काढताना याचा काही त्रास नाही. आलेख दहा वेळा काढला तरी तोच निघतो.

खेळात मात्र त्रास होतो. मी सरावासाठी पहिला खेळ केला तो आकडा ओळखण्याचा. संगणक एक ते शंभरातला एक आकडा मनात धरणार, आपण अंदाज सांगायचा, तो "मोठा आहे" किंवा "लहान आहे" म्हणणार. आमचे शिपाई गोरखमामा जेवणाच्या सुट्टीत खेळायला बसले. पन्नास म्हणाले, मोठा आहे. पंचाहत्तर, लहान आहे. साठ, लहान आहे. पंचावन्न, मोठा आहे. छप्पन, लहान आहे. मामा डबा बाजूला सारून विचारात पडले.

"मॅडम, पंचावन्नाच्या वर आन् छप्पनाच्या खाली कोन राहतं?"

मी कार्यक्रम पाहिला. आकडा धरण्याची ओळ सगळ्यात वर होती. मामा बटण दाबत होते तसा तो दर वेळी नवा आकडा धरत होता. "ह्याच्या मनात काय हाय ते ह्यालाच ठाव न्हाई," मामा म्हणाले आणि लोणच्याकडे वळले. मी आकडा त्या कप्प्यात ठेवला आणि खेळ सुधारला. ही चूक मला माहीत होती, हे इथं मुद्दाम नोंदवते. पुढं जे झालं ते अज्ञानानं झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

तर साहेबांनी आकड्याचा खेळ पाहिला आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. केंद्रांवर नवीन संगणक येणार होते. जुन्या सचिवांना ते झेपतील का, याची परीक्षा घ्यायची होती. "लेखी नको, घाबरतात. खेळच करा. पडद्यावर डबा दाखवा, आकडे दाखवा. स्वीकारा की परत करा, एवढंच विचारा. दहा डबे. पाचाच्या आत गुण पडतील त्या केंद्रावर नवीन माणूस. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठरवून टाकू."

मी आठवडाभर खपून खेळ केला. डब्याचं चित्र काढलं, हिरवं बटण "स्वीकारा", लाल बटण "परत करा". उत्तर दिलं की डब्याच्या चित्राखाली फक्त "बरोबर" किंवा "चूक" यायचं. कारण वगैरे सांगायचं नाही, कारण मला स्वतःला लांबण लावणारी माणसं आवडत नाहीत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना तेच दहा डबे? पहिला बाहेर आला की रांगेतल्यांना उत्तरं सांगणार. आपली माणसं मला माहीत आहेत." मलाही माहीत होती. म्हणून डबे आयत्या वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठलेही यावेत, अशी एक ओळ मी घातली. सगळ्यात वर. गुण कप्प्यात ठेवले होते, कितवा डबा चालू आहे तेही ठेवलं होतं. डबा ठेवायचा राहिला.

म्हणजे असं झालं: सचिवानं पडद्यावर पाणी घातलेला डबा पाहिला, "परत करा" दाबलं, की संगणक वरपासून सुरू होऊन दुसराच डबा आणायचा आणि त्या डब्यावर उत्तर तपासायचा. मी तपासणी केली नाही असं नाही. गोरखमामांना बसवलं होतं. त्यांना दहापैकी आठ पडले. आम्ही दोघंही खूश झालो. ते दहाही वेळा हिरवं बटण दाबत होते, हे मी पाहिलं नाही. आणि चिठ्ठ्यांमध्ये चांगल्या दुधाचे डबे जास्त होते, कारण गावातही तसेच असतात.

परीक्षेला चाळीस सचिव आले. स्वच्छ कपडे, खिशाला पेन, लग्नाला आल्यासारखे. एकेकाला मी संगणकापुढं बसवत होते. पहिल्यानं पडद्याकडे बराच वेळ पाहून विचारलं, "डबा कुनाचा हाय?"

"कुणाचा नाही. संगणकाचा आहे."

"तसं न्हाई मॅडम. सरपंचाचा आसंल तर येगळं, दुसऱ्याचा आसंल तर येगळं."

दुसऱ्यानं डब्याच्या चित्राला नाक लावून पाहिलं. तिसरा प्रत्येक डबा परत करत सुटला. विचारलं तर म्हणाला, परीक्षेत कडक राहिलेलं बरं. कोल्हारकडचे पोपटराव मात्र दोन मिनिटांत उठले. दहापैकी नऊ. मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

पंधरावे की सोळावे आले रंगनाथ नाना. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात, मागं राहिलेल्यांचं दुधावर चालतं. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून नाना सचिव. त्यांच्या केंद्राच्या आकड्यांत मला कधी खाडाखोड दिसली नव्हती. नाना सावकाश बसले, पहिला डबा नीट वाचला, लाल बटण दाबलं. चूक. दुसरा वाचला, हिरवं दाबलं. चूक. चौथ्या डब्याला त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"बाई, ह्यो डबा बदलतोय."

"काय?"

"दावतोय एक आन् वततोय दुसरा. आमच्याकडं करत्यात लोकं आसं. नमुना चांगल्या गाईचा दावायचा आन् वतायचा पान्याचा डबा."

मागं रांगेत खसखस पिकली. मला राग आला. आठवडाभर मी त्या खेळासाठी मान मोडली होती आणि हे गृहस्थ माझ्या संगणकावर दुधात पाणी घालण्याचा आळ घेत होते. मी म्हणाले, "नाना, संगणकाला लबाडी करून काय मिळणार आहे? येत नसेल तर तसं म्हणा." आता सगळेच हसले. राहिलेले डबे नानांनी तेवढ्याच शांतपणे वाचले आणि उठले. दहापैकी दोन. संध्याकाळी मी गुणांची यादी छापून फाटकाजवळच्या भिंतीवर लावली. नाना सगळ्यात खाली होते.

पुढच्या आठवड्यात पोपटराव सत्काराला आले. शाल, नारळ, फोटो झाला. मी कौतुकानं विचारलं, "इतक्या झटपट कसं ओळखलंत?"

"ओळखायचं काय मॅडम," ते लाजून म्हणाले, "म्या हिरवंच दाबत हुतो. दूध परत केलं की भांडन हुतंय."

"पण पाण्याचा डबा आला तर?"

"म्या वाचलंच न्हाई. चष्मा घरी ऱ्हायला हुता."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. न वाचणाऱ्याला नऊ आणि वाचणाऱ्याला दोन. मी खुर्चीवर जाऊन कार्यक्रम उघडला. चूक शोधायलाही लागली नाही, पहिल्याच ओळीत बसून होती. माझी कानशिलं तापली. गोरखमामा पाण्याचा ग्लास घेऊन आले, त्यांना वाटलं रक्तदाब वाढला. वाढलाच असेल.

फोन करावा असं आधी वाटलं. पण चाळीस माणसांत मी त्यांना हसायला लावलं होतं, त्याची माफी फोनवर मागणं शोभलं नसतं. रजा टाकली, एसटीनं नगर, तिथून पाथर्डी, पुढं जीपमध्ये तिघींच्या जागेत पाचवी बसून नानांच्या गावी पोचले. संध्याकाळचं दूध चालू होतं. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं ओटा, ओट्यावर यंत्र. रांगेत वीस-पंचवीस माणसं आणि सगळे एकदम बोलत होते. मी रांगेच्या मागंच उभी राहिले.

एक बाई डबा आणि वेगळी भरलेली बाटली घेऊन पुढं आली. "नाना, नमुना म्या घरूनच काढून आनलाय. तुमचा येळ वाचंल."

"पारू, माजा येळ लई हाय. डबा ढवळ, नमुना मी काढतो."

नमुना काढला, यंत्रात घातला. नानांनी आकडे वाचले आणि म्हणाले, "पानी हाय. परत ने."

पारूबाई हलली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, दहापैकी दोन पडलेत तुमाला. टँकरवाल्यानं सांगितलंय सगळ्या गावाला. आठ डबं चुकलं तुमचं. ह्यो नववा कशावरनं नसंल?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बराबर हाय." तीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर गावातलं दूध आत जात होतं किंवा परत फिरत होतं, त्याला आता रांगेतली माणसं गुण मोजून दाखवत होती. ते माझ्या एका ओळीमुळं. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं, पण जमीन मुरमाड होती आणि जीप परत गेली होती. मी रांग मोडून ओट्यावर चढले.

"मी श्रीरामपूरच्या ऑफिसातली. परीक्षा मी घेतली होती," मी म्हणाले. "चूक नानांची नव्हती, माझी होती. खेळ चुकीचा होता." आणि मग मी त्यांना समजावून सांगायला लागले: कार्यक्रम वरून खाली चालतो, बटण दाबलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून, कप्प्यात ठेवलं नाही तर विसरतो. पाच मिनिटं बोलले. रांग माझ्याकडं देवळातल्या लोकांनी इंग्रजी भाषण ऐकावं तशी बघत होती.

शेवटी नाना म्हणाले, "थांबा बाई." मग रांगेकडं वळून, "नमुना एका डब्याचा काढला, वतला दुसराच. समजलं का?"

"आस्सं व्हय," सगळी रांग म्हणाली. पारूबाईनं हातातली बाटली हळूच पदराखाली घेतली.

"एवढ्या मोठ्या हापिसात बी चालतं का आसं?" एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले. त्यांच्या आवाजात दिलासा होता.

दूध संपल्यावर नानांनी मला चहा दिला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी मधेच विचारलं, "ती भितीवरची यादी काढली का?"

काढली नव्हती. चूक कळल्यावर मी थेट रजेचा अर्ज लिहिला होता, पण फाटकातून जाता-येता रोज सगळ्यांना दिसणारी ती यादी तशीच होती.

"मंग हितं कशाला आलात आधी?" नाना म्हणाले. रागानं नाही. दुधाचं यंत्र धुता धुता, एखाद्याला कामाची पद्धत समजावून सांगावी तसं.

दुसऱ्या दिवशी मी आधी यादी फाडली, मग साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात काय, नानांचे आठ करा. बाकीचं राहू द्या. पोपटरावांचा फोटोही छापून आलाय." मी म्हणाले, नानांचे आठ करायचे तर तेही खोटेच. चाळिसांचे चाळीस निकाल खोटे आहेत, त्यातला एक सोयीचा खोटा मी करणार नाही. साहेबांशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते. साहेबांनाही तो आवाज नवा होता. त्यांनी चहाचा कप उचलला, खाली तक्ता नव्हता तरी पुन्हा तिथंच ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा घ्या परीक्षा."

पुन्हा चाळीस सचिव आले. सुरुवातीलाच मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी रंगनाथ नाना बरोबर बोलत होते, मी त्यांना उर्मटपणे गप्प बसवलं आणि तुम्ही हसलात ते माझ्यामुळं. कुणी हसलं नाही. पोपटरावांनी खिशातून चष्मा काढून सगळ्यांना दाखवला. त्यांना सहा पडले, आणि सहा हे त्यांच्या स्वतःच्या वाचनाचे असल्यामुळं ते नऊ पडले होते तेव्हापेक्षा जास्त खूश होते. नानांना नऊ. दहाव्या डब्यावरून त्यांनी माझ्याशी दहा मिनिटं वाद घातला की आकडे बरोबर असले तरी असं दूध दुपारपर्यंत नासतं. मी तो डबा वगळला.

केंद्र नानांकडंच राहिलं. जाताना ते म्हणाले, "त्यो आधीचा खेळ कुठं हाय?"

"पुसून टाकला नाना. कायमचा."

"आरारा." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "नव्या मानसांना त्योच पायजे हुता. आकडं तर कुनी बी वाचतंय. डबा बदलला तर कळाय पायजे."

मी हसण्यावारी नेलं, पण डोक्यातून ते जाईना. शेवटी एका दुपारी मी तोच खेळ पुन्हा लिहायला बसले, चुकीसकट. गंमत बघा, घाईत जी चूक एका मिनिटात झाली होती, ती मुद्दाम करायला अख्खी दुपार गेली. हात आपोआप डबा कप्प्यात ठेवायचा आणि मी तो पुन्हा बाहेर काढायचे. गोरखमामा म्हणाले, चाळीस वर्षं नीट काम करून माणसाचं असंच होतं.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यात नवीन सचिवांचं प्रशिक्षण झालं. नाना मुद्दाम आले होते, मागच्या बाकावर बसले. बारा जणांना त्या चुकीच्या खेळापुढं बसवलं आणि काहीच सांगितलं नाही. एकेक जण दहा डबे संपवून गुण सांगत उठत होता. सात, चार, आठ. कुणाला काही वाटलं नव्हतं. शेवटची बसली होती ती नेवाशाकडची एक सून, दोन लेकरांची आई, पहिल्यांदाच घराबाहेर कामाला निघालेली. ती तिसऱ्या डब्याला लाल बटण दाबून थांबली. बटणावरचं बोट मागं घेतलं. पडद्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि एवढ्या हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं.

"मॅडम, माझंच चुकत असंल. पन मी परत केलेला डबा हा न्हाई."

मी काही म्हणायच्या आत मागून नानांचा आवाज आला.

"तुजं न्हाई चुकत, बाई. ऊठ. झाली परीक्षा."

ती उठली आणि रडायला लागली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. मला मात्र सांगता येईल. सगळे हसत असताना कुणीतरी तुमचं चुकत नाही एवढंच म्हणावं, यासाठी नाना त्या दिवशी चौथ्या डब्यापाशी माझ्याकडं बघत थांबले होते.